चार सेल, एक युरो वीस

युतिमियो म्हणायचा,
सेल आधी तळहातावर घ्यावा, मग खिशाचा विचार करावा.
पाकिटावरच्या वाघाला भुलू नये.
मागच्या बाजूला बारीक अक्षरांत तारीख असते, ती वाचावी.
चष्मा लागला तर लावावा, लाजायचं काय त्यात.

भिंतीवरच्या घड्याळाला साधा सेल पुरे,
ते थेंब थेंब पितं.
टॉर्चला मात्र अल्कलाइन,
ती गटागटा पिते आणि पुन्हा मागते.
जुना सेल नव्याच्या शेजारी बसवू नये,
जुना नव्याचं रक्त शोषतो
(हे सांगताना तो माझ्या आईकडे बघायचा).

त्याची लाडकी परीक्षा ओट्यावर व्हायची.
दोन बोटं उंचीवरून सेल उभाच सोडायचा.
भरलेला धप्प म्हणतो आणि पडल्या जागी उभा राहतो.
संपलेला टुणकन उडतो, कलंडतो, घरंगळत जातो.
घागरीसारखंच, रिकामी तीच फार बोलते.

चाळीस वर्षं त्याने सामोराच्या भिंतींतून वायरी ओढल्या.
आमच्याकडे तीन तोंडांच्या प्लगला 'चोर' म्हणतात.
चोर घरात घ्यावा, तो म्हणायचा,
पण त्याच्या हाती हीटर देऊ नये.
वायरीवर दीडचा आकडा छापलाय का बघ, विसी.
नसेल तर तो बोर्ड नाताळच्या माळेपुरता.

आमच्या इमारतीखाली श्यूजेनने दुकान थाटलं:
बादल्या, मोजे, कुलपं, खोट्या लिली,
आणि गल्ल्यापाशी सेलांच्या माळा.
"तिथलं फुकट मिळालं तरी महाग," युतिमियो म्हणाला.
म्हणून आम्ही नदीपलीकडच्या दुकानात जायचो, बसने.
बसभाडं हिशोबात धरायचं नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं.

तो गेला.
पुढच्या एप्रिलात एका सोमवारी, भर दुपारी,
फ्रिजची घरघर थांबली.
मग लिफ्ट थांबली, मग फोन,
मग रस्त्यावरचे लोक एकमेकांना विचारू लागले
आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.
चर्चवरचे करकोचे तेवढे चोची वाजवत राहिले.

रेडिओला चार सेल लागतात.
खणात अकरा निघाले.
अकराही टुणकन.

श्यूजेनकडे रांग दारापर्यंत.
कार्डाचं यंत्र मेलेलं,
ती मुलाच्या शाळेच्या वहीत नावं लिहून घेत होती.
भाव कालचाच. मी दोनदा विचारला.
आणि मग, सवय मेली जात नाही,
सगळ्यांच्या देखत पाकीट फोडून
एक सेल मी गल्ल्यावर सोडला.
धप्प.
दुसरा. तिसरा. चौथा.
चौघंही ताठ उभे.

मागे कुणीतरी हसलं. माझे कान तापले.
श्यूजेनने माझ्याकडे पाहिलं, सेलांकडे पाहिलं,
दुसऱ्या खोक्यातला एक उचलून स्वतः सोडला.
टुण.
आणखी एक. टुण.
काही न बोलता तिने ते अख्खं खोकं
गल्ल्याखाली ढकललं, पायाने,
आणि पुढच्या माणसाला म्हणाली, "बोला."

संध्याकाळी जिन्यात रेडिओ लावला.
तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लोरेन्सियोने खुर्च्या आणल्या,
निएवेसने फ्रिजमधलं सगळं चीज,
नाहीतरी खराबच होणार होतं.
श्यूजेन पोरासकट वर आली, पायरीवर बसली.
निवेदक तेच तेच सांगत होता,
आम्ही तेच तेच ऐकत होतो.
दिवे आले तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या अवजारांच्या पेटीत
त्याची टॉर्च सापडली.
झाकण फिरेना. फिरवलं.
आत सेल तसेच, फुटलेले,
स्प्रिंगवर पांढरी बुरशी, दंवासारखी.
वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत,
हे तर तो परक्या माणसांनाही सांगायचा.

व्हिनेगरने निघतं म्हणतात.
बाटली ओट्यावर आहे.
घड्याळात श्यूजेनचा साधा सेल आहे, तीस सेंटांचा,
आणि ते अजून चालतंय.