हात जातो तिथे

शिंपल्यांच्या खोक्याचं झाकण फाडून
रोसामेलने त्यावर घर काढलं.
आधी चूल, मग चुलीभोवती बाकीचं सगळं.
चिलोएत घरं अशीच काढतात.
न्हाणीघरं दोन: एक आमचं, एक मुलींचं नि सासऱ्यांचं.
मी तिसरं मागणार होते, गंमत म्हणून,
पण त्याच्या कपाळावरची शीर बघितली नि गप्प बसले.

एलेउतेरियो सुतार पावसातनंच आला.
टोपी चुलीवर वाळत घातली, चष्मा पुसला,
झाकण उलटसुलट करून म्हणाला,
पाणी जितकं चालेल तितके पैसे खाईल.
न्हाणी स्वैपाकघराच्या पाठीला पाठ लावून बसवा.
ओली भिंत एकच,
चुलीची ऊब फुकट.
पेन्सिलच्या एका रेघेत
दुसरी न्हाणी गेली.

मग आकडे.
मैलाटाकी धरलीच पाहिजे. जमिनीखालचं कोणी बघत नाही
पण निम्मे पैसे तिथेच पुरले जातात.
फरशी. उतार. गॅसचा गिझर.
टब मी स्वतःच खोडला.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात,
टबाचं उलटंच: आधी पाय पसरायची जागा विकत घ्या,
मग अंथरुणाला पैसे उरत नाहीत.
निळ्या टाइल्स गेल्या. पांढऱ्या राहिल्या, त्याही खांद्यापर्यंत.
वर रंग मारा, एलेउतेरियो म्हणाला,
खांद्याच्या वर पाणी उडवतं कोण?
माझ्या मुली, मी म्हटलं.
तो हसला नाही. खांदा खोडून 'कपाळ' लिहिलं.

खिडकी मात्र मी खोडू दिली नाही.
हातभर काच, रोसामेल म्हणाला, तिचे एवढे पैसे?
मी त्याला सांगितलं नाही
की सॅमनच्या कारखान्यात आम्ही तीस बायका,
संडासाला जायचं तर वहीत सही,
आठ मिनिटं, त्यातली चार एप्रन नि रबरी बूट काढण्यात,
आणि तिथे भिंतीला कुठेच खिडकी नाही.
सांगितलं नाही की लहानपणी आमचा संडास
घरापासून चाळीस पावलं, चिखलात टाकलेल्या फळ्यांवरून,
नि धाकटा भाऊ कंदील धरून बाहेर उभा,
मोठ्याने आकडे म्हणत,
म्हणजे मला कळावं की तो आहे.
शंभरानंतर त्याला येत नसे. परत एकपासून.
एवढंच म्हटलं, खिडकी राहील.
आणि कडी आतून.

एप्रिलात सांगाडा उभा राहिला.
वर पत्रा, भिंतींच्या जागी नुसते दांडे,
पाऊस असा की ओरडून बोलावं लागे.
एलेउतेरियोने मला हाक मारली.
कमोड येणार तिथे बादली पालथी घातली
नि म्हणाला, बसा.
बसले.
आता उठा. तशा नाही,
गुडघे नाहीत असं समजून उठा.

मी अडतीस वर्षांची, आठ तास उभ्याने मासे चिरणारी,
हसतच उठायला गेले
आणि माझा उजवा हात आपोआप
हवेत काहीतरी धरायला गेला.
तिथे काही नव्हतं.

थांबा, तो म्हणाला. हात तिथेच ठेवा.
दांड्यावर खूण केली,
दोन दांड्यांमध्ये सायप्रसची जाड फळी ठोकली.
वर टाइल चढेल, दिसणार नाही.
पुढे कधी धरायला दांडी लागलीच
तर स्क्रू यात बसेल.

याचे किती लावले?
उरलेलं लाकूड आहे, म्हणाला,
नि खिळ्यांचा डबा उगाच हलवत राहिला.
आईच्या घरी ठोकायचं सुचलं नव्हतं.

आता मुली कपाळापर्यंत पाणी उडवतात.
सकाळी पाच माणसांची रांग, सासरे पहिले.
झाकणावरचा हिशेब रोसामेलने चुलीत घातला,
त्यात ती फळी कुठेच नव्हती.

कधी रात्री खिडकी किलकिली करून बसते.
उठताना हात जातो,
गार टाइलवर टेकतो.
बोटाने ठोकून बघते.
बाकी भिंत पोकळ वाजते.
तिथे नाही.