रा. बा. ७

दार उघडलं तेव्हा आत कोमट धूळ होती
आणि तापून गार झालेल्या बेकेलाइटचा वास,
इस्त्रीवाल्याच्या टपरीत येतो तसा.
अठ्ठ्याऐंशी सालचं पॅनेल.
आर. एन. टी. मार्गावरची पाच मजली इमारत, तिचं तळघर,
शनिवार, रात्रीचे दहा.
सोमवारी आठला वर गार हवा पोचली नाही
तर बँक, दातांचे डॉक्टर आणि विम्याचं ऑफिस
तिघांचे फोन एकदम येतात.

ड्रॉइंग होतं, घड्यांवर फाटलेलं.
ते एक सांगत होतं, तारा दुसरंच.
मी एकेक तार ओढायची,
दशरथ पलीकडून ओरडायचा, "हिली!"
तो मालवीय, माझ्याबरोबर बारा वर्षं.
हिली आणि नाही हिली,
एवढं मराठी त्याला पुरतं.

नंबरांच्या नळ्या कधीच्या गळून गेलेल्या.
त्यांच्या जागी चिकटपट्ट्या, आणि त्यांवर
उजवीकडे झुकलेलं बारीक अक्षर:
"ही गरम होते. लगेच घाबरू नये."
"पंप दोन आधी. एक रुसतो."
सही नव्हती. पण इंदुरात पॅनेल उघडणाऱ्या कुणालाही
झोकरकरांचं अक्षर ओळखता येतं.

खालच्या कोपऱ्यात एक टायमर.
चकती सातावर, वर लाल नेलपॉलिशचा थेंब,
कुणी फिरवू नये म्हणून.
शेजारी लिहिलेलं: रा. बा. ७.
मी म्हटलं, रात्रीचा बायपास असेल.
दशरथ अगदी गंभीरपणे म्हणाला, रामबाण.
तिसऱ्या मजल्याच्या ब्लोअरनं
इतरांपेक्षा सात मिनिटं उशिरा का उठावं,
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, पुस्तकातही नव्हतं.
मी तो काढला.
खोक्यात टाकला, बाकीच्यांबरोबर.

नवा कंट्रोलर शाळेच्या वहीएवढा.
जुने कॉन्टॅक्टर खट् म्हणायचे,
जिन्यातसुद्धा कळायचं कोण उठलं, कोण बसलं.
हा काही बोलत नाही. हिरवा दिवा लावतो
आणि सगळं ठीक आहे असं आपल्याला समजायला लावतो.

सोमवारी आठला मी तिसऱ्या मजल्यावर,
हातात हवा मोजायचं यंत्र.
ब्लोअर सुरू झाला. आकडा बरोबर आला.
आणि नुकताच गोळा केलेला केराचा ढीग
उठला, पसरला,
टेबलांवर, काचांवर, माझ्या केसांत.
झाडणारी बाई ओरडली नाही.
झाडूवर हात टेकून म्हणाली,
"पहले थोड़ा रुकता था, दीदी."

मग तिनं सांगितलं.
तिच्या सासूला दमा होता. रामकन्याबाई.
झोकरकर साहेबांनी एकदा विचारलं,
मजला झाडायला किती वेळ लागतो?
ती म्हणाली, मला काय माहीत.
मग ते स्वतः खुर्चीवर बसून राहिले,
मनगटावरच्या घड्याळात बघत.
सात.

सासू जाऊन नऊ वर्षं झाली.
ही दम्याची नाही.
ब्लोअर तरी थांबत राहिला.

मी तिथेच, धुळीच्या टेबलावर, लॅपटॉप उघडला.
चारशे वीस सेकंद. एवढंच करायचं होतं.
खाली एक चौकट असते, कारण लिहा म्हणून,
सोळा अक्षरांची.
देवनागरी तिला चालली नाही,
सगळीकडे प्रश्नचिन्हं उमटली.
दमा लिहिलं असतं तर वरचे इंजिनियर विचारत बसले असते.
केर लिहिलं असतं तर हसले असते.
शेवटी रोमन लिपीत
दोन अक्षरं, दोन टिंबं, सात.

वीस-पंचवीस वर्षांनी हेही कुणी उघडेल,
कुठल्याशा शनिवारी रात्री,
आणि रामबाण म्हणेल, बायपास म्हणेल,
डोकं खाजवेल.
खाजवू दे.