हिरवं बोट

कुताइसीच्या प्रसूतिगृहात, मंगळवारी, जेवणानंतर
मी शिकवते पुरावा कसा वाचायचा.
अकरा नर्स, नऊ खुर्च्या,
रेडिएटरवर वाळत टाकलेले कुणाचे तरी मोजे.

नाझिब्रोला शेवटच्या रांगेत.
उजव्या हाताची तर्जनी नखापासून पेरापर्यंत हिरवी:
प्रत्येक बाळाच्या नाळेच्या देठाला
तिनं तेच हिरवं औषध लावलंय आजवर.
"पोरी, तुझ्याहून तीस हिवाळे जास्त पाहिलेत.
माझ्या हातची एक बेंबी चिघळली नाही."

"मोजलंत?" मी विचारलं,
आणि लगेच वाटलं, नको होतं विचारायला.
कुणीतरी उठून मोजे उलटे केले.

मग निबंध उघडला.
काहीच न लावता, नुसती स्वच्छ, कोरडी ठेवली बेंबी, तर?
बाळं किती, गट कसे पाडले,
चिठ्ठ्या टाकून की तोंडं पाहून,
आणि शेवटच्या तक्त्यात कमी पडलेली ही चौदा
गेली कुठे?

हा शेवटचा प्रश्न माझा नव्हता.
नाझिब्रोलानं चष्मा कपाळावरून खाली ओढला होता,
हिरवं बोट ओळीवरून सरकत होतं
पहाटे चारला तापाच्या तक्त्यावरून सरकतं तसं.
"चौदा आया परत आल्या नाहीत.
बाळं बरी होती म्हणून, की?"

माझ्या स्लाइडवर त्याचं उत्तर नव्हतं.

ती लगेच बधली नाही. आणखी तीन निबंध मागितले,
दोन परत केले, एक ठेवून घेतला.

मार्चमध्ये वॉर्डात एक सासू कडाडली,
"हिरवं कुठंय? औषधातही काटकसर?"
मी पाठ केलेले आकडे जुळवत होते तोवर
नाझिब्रोला खाटेच्या कडेला टेकली.
"पर्सिमॉन सुकवायला टांगतेस ना ओसरीत?
रोज ओले करतेस का?"
सासू गप्प. मग हसली.
मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

आता तिची स्वतःची वही आहे, रकाने पट्टीनं आखलेले:
सहावा दिवस, गळली. आठवा, गळली. पाचवा.
एका नावापुढे कोरं.
फोन लागत नाही, गाव डोंगरापलीकडे.

आज पाळी संपल्यावर ती मिनीबसनं तिकडे निघालीय.
बोटावर आता नखाच्या कडेलाच हिरवी कोर उरलीय.
दारातून वळून विचारते,
तिकिटाचे पैसे
कुठल्या रकान्यात लिहायचे?