ओहोटी म्हणजे

साखळीच्या भाड्याच्या खोलीत, गॅसच्या शेगडीशेजारी
माझा चौथीचा वर्ग भरतो.
दहा चौकटी. सहा काळ्या,
सातवीत नुसता पंखा,
आठवीत परसातली कोंबडी, निर्धास्त.
उरलेल्या दोघांच्या घरात रेंज नाही.
ते चढतात खाणीच्या मातीच्या ढिगावर.
गावातला सगळ्यात उंच डोंगर तो,
आणि डोंगर नव्हे.

"बाई, आवाज येना," दिक्षा मळीक ओरडते.
मी मोठ्याने बोलू लागते,
जणू साखळीहून पिसुर्ल्यापर्यंत
हाकेनेच पोचायचं आहे.

आज उतारा. किनाऱ्यावरचं एक गाव.
सगळ्यांसमोर एकच पान, एकाच वेळी उघडं:
कळलेल्या ओळीला पिवळा रंग,
न कळलेल्या शब्दाला गुलाबी,
आणि मला इथे बसून दिसतं
कुणाचं बोट कुठे अडलंय.
वर्गात नव्हतं दिसत.
वर्गात सगळे एका सुरात वाचायचे
आणि त्या सुरात न कळणं
शेवटच्या बाकावर गुपचूप बसून राहायचं.
एकोणीस वर्षं मी त्याची हजेरी मांडत आले.

भागो झोरे अख्खा उतारा पिवळा करतो,
शीर्षकासकट, पानाच्या आकड्यासकट.
सगळं कळलं रे?
"ना बाई. पिवळा बरा दिसता."

मग प्रश्न. बरोबर आलं की पडद्यावर पताका उडतात.
तिसरा: ओहोटी म्हणजे काय? तुमच्या शब्दांत लिहा.
साईश गावस ढिगावरून लिहितो, एका बोटाने.
त्याची अक्षरं एकेक करत माझ्या खोलीत येतात,
थांबतात, पुसली जातात, पुन्हा येतात:

"भरती म्हणजे कामावर घेतात.
ओहोटी म्हणजे घरी पाठवतात."

लाल फुली. शून्य.
नमुना उत्तराशी जुळत नाही,
पुन्हा प्रयत्न करा, असं पडदा सांगतो, सभ्यपणे.

मी उतारा पुन्हा वाचते, या खेपेला त्याच्या जागी बसून.
"भरती आली तसा गावाला हुरूप आला.
होड्या निघाल्या.
ओहोटीला त्याच होड्या
दारापुढे रुतून बसल्या."

एकही शब्द बदलावा लागत नाही.
होडीच्या जागी फक्त ट्रक.
त्याच्या दारात आहे एक,
चाकं निम्मी मातीत, हौद्यावर घोसाळ्याचा वेल.
पटनोंदणीला गेले तेव्हा त्याच्या बापाने
त्याच ट्रकच्या पायरीवर बसून सही केली होती,
सावकाश, पेन परत देताना पुसून.

समासात शेरा लिहायची सोय आहे.
मी लिहिते: चूक. पुसते.
लिहिते: बरोबर. तेही पुसते.
तिकडे ढिगावर त्याला दिसत असणार
माझी अक्षरं येताना, थांबताना, जाताना.

शेवटी लिहिते: ओहोटी म्हणजे सुकती.

काहीच नाही. वाटलं, रेंज गेली.
मग "ओहोटी"वर पिवळा चढतो, हळूहळू,
काठाबाहेर न जाता.
"सुकती मला म्हायत आसा.
आत्यागेर दिवाडीला मानशीकडे बघितली.
पाणी जातं. मग परत येतं.
दिवसाला दोनदा."

हो, लिहिते मी. शाब्बास, लिहिते.
पताका काही उडत नाहीत,
त्या माझ्या हातात नाहीत.

आणि तेवढ्यात, शेऱ्याखाली, त्याचा शेरा:
"मग बाई, बाबाचं तीन वर्षं का?"

तास संपल्याची घंटी.
पडदा विचारतो, सर्वांसाठी वर्ग बंद करायचा?
मी नाही दाबते.
नऊ चौकटी एकेक करून विझतात, कोंबडीही.
एक राहते, लाल मातीची, वाऱ्याने हलणारी.

शेगडीवर दूध वर यायला लागलंय.
त्याच्यावरची नजर न काढता
मी हात लांबवून गॅस बारीक करते.