हातचा

मार्च संपता संपता लंडनहून आकडा निघतो.
आधी कार्डिफला थांबतो, तिथे त्याची वाटणी होते,
मग डोंगर चढून आमच्या खोऱ्यात,
नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, माझ्या टेबलापाशी.
तोवर त्याला धाप लागलेली असते
आणि अंगावर फारसं काही उरलेलं नसतं.

एकतीस वर्षं मी ही खतावणी लिहिते.
पलीकडे इस्पितळांवर पौंड वाढला
की डोकी मोजून आमचे पेन्स ठरतात.
डोकीच मोजतात. फुप्फुसं नाही,
ना आमच्या बसला चढावी लागणारी चढण.

आमच्या संसदेबद्दल मी वाईट बोलणार नाही.
औषधाच्या चिठ्ठीला इथे पैसे पडत नाहीत.
दुकानातल्या पिशवीला पाच पेन्स आधी आम्ही लावले,
बाकीच्यांना मागाहून शहाणपण सुचलं.
घर चांगलं आहे तिचं, स्लेटचं नि लाकडाचं.
किल्ल्यांचा जुडगाही दिलाय हाती,
फक्त तिजोरीची किल्ली दुसऱ्याच कमरेला,
आणि वर्षअखेर सगळे विचारतात,
सूनबाई, एवढा खर्च कसा झाला?

पाण्याचं म्हणाल
तर माझ्या मावशीची शाळा धरणाच्या तळाशी आहे.
पाणी सीमेपलीकडच्या शहरात नळाला जातं.
उन्हाळा कडक पडला की चॅपलची पायरी वर येते,
लोक गाड्या घेऊन फोटो काढायला येतात.
पार्किंगचे चार पौंड.
ते मी जमेत धरते.

कड्यावर एकोणतीस पवनचक्क्या.
कंपनीचं नाव तीनदा बदललं, पाट्या रंगवणाऱ्याचं तेवढं भलं झालं.
वारा आमचा, पाती त्यांची,
नफ्याचा पत्ता कुणालाच माहीत नाही.

पोलादाची भट्टी विझली त्या हिवाळ्यात
हेविन प्रोथेरो दारोदार फिरला.
दहा पौंडांचा एक वाटा, सगळ्यांची मिळून एक चक्की,
तिसावी, आपली.
लोक हसले. मीही हसले,
आणि वीस पौंड काढून दिले.

माझे वडील मेंढ्या विसांनी मोजायचे.
सोळाला म्हणायचे पंधरावर एक, अठराला दोन नऊ.
मग शाळेत मिस बेवननी नवी मोजणी शिकवली:
हातचा लहान लिहायचा, पुढच्या घराच्या डोक्यावर.
विसरलात तर कुणी ओरडत नाही, म्हणाल्या,
नुसती बेरीज गरीब होते.

पहिल्या वर्षी चक्कीने दिले
तीनशे बारा पौंड.
हेविन पाकीट घेऊन आला, बूट चिखलाने भरलेले,
गालिच्याकडे बघून दारातच उभा राहिला.
"गुरुवारचं वाचनालय," म्हणाला,
"संध्याकाळचे दोन तास. दिवे नि हीटर.
जमेल तितके गुरुवार."
ते दोन तास मीच कापले होते, फेब्रुवारीत,
लाल शाईने.

रकाने चार आहेत: अनुदान, कर, दंड व शुल्क, इतर.
'इतर'मध्ये टाकायला हात होईना.
मी पेन्सिल घेतली,
पुढच्या वर्षाच्या घरावर, अगदी कडेला,
बारीक लिहिलं: ३१२.

लेखापरीक्षक आला, तरुण, नाव ओसियान,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, हे काय?
हातचा आहे, म्हटलं.
त्याने माझ्याकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं,
चहा संपवला
आणि पान उलटलं.

जुलैत नऊ दिवस वारा पडला.
एकोणतीस नि एक, सगळ्या सारख्याच मुकाट.
हेविन रोज कड्यावर जाऊन उभा,
भट्टीसमोर उभा राहायचा तसाच, डोळे बारीक करून.
मला फोन आला नाही, मीही केला नाही.
खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं,
तिथेच राहू दिलं.