शाबूत

धक्का तसा काहीच नव्हता.
मुंबई नाक्याच्या सिग्नलला आम्ही उभे,
मागून टोमॅटोचा छोटा हत्ती आला
आणि ब्रेक लागता लागता टेकला,
रांगेत मागचं माणूस टेकतं तसा.
दोन क्रेट घरंगळले. ड्रायव्हर पोरगेला,
पिंपळगावचा, हात जोडून उभा.
निहिरा मागे आपल्या सीटमध्ये, वय वर्षं तीन,
म्हणाली, "पुन्हा."

बंपरचे फोटो निघाले, डिकीचे निघाले.
सर्व्हेअरने बोटाने चेपा मोजला.
मी म्हटलं, मुलीची सीटपण लिहा.
त्याने काचेतून वाकून पाहिलं:
ती तर शाबूत आहे, मॅडम.

शाबूत.
अंबडच्या कारखान्यात अकरा वर्षं
माझं कामच या शब्दावर संशय घेण्याचं.
चकचकीत जॉब हातात येतो.
आम्ही लाल रंग फासतो, पुसतो,
पांढरी पावडर मारतो आणि थांबतो.
मग केसाएवढी रेघ
हळूहळू लाल होत वर येते.
जॉब रिजेक्टच्या पेटीत.
कुणाशी भांडण नाही, कुणावर राग नाही.

घरी सीटला काय फासणार?
उलटी केली, झटकली. कुरमुरे पडले,
तीन बेदाणे, हरवलेली फुलपाखराची क्लिप,
दवाखान्याचं टोकन, नंबर सतरा.
बुडाशी बारीक अक्षरांत,
अपघातानंतर वापरू नये.
केवढा अपघात, ते नाही लिहिलेलं.

सासरे म्हणाले, ह्याला मी वणीपर्यंत
काखेत घेऊन गेलोय, एसटीत, उभ्याने.
विश्राम काहीच बोलला नाही,
मोबाईलवर हप्त्याची तारीख बघत राहिला.

कॉलेज रोडच्या दुकानात पाच सीट ओळीने.
मुलगी कापडाचा मऊपणा सांगत होती,
कप ठेवायची जागा, धुता येतं का.
मी पट्टे ओढत होते, खालच्या कड्या चाचपत होते,
विचारत होते, पाठमोरी किती किलोपर्यंत?
निहिरा चौदा. परवाच मोजली,
डॉक्टरांच्या काट्यावर एक पाय उचलून.
तिला जांभळी हवी होती.
जांभळी आमच्या गाडीत लावून पाहिली, डुलली.
राखाडी डुलली नाही.
जेहान सर्कलपर्यंत ती रडली, मग झोपली.
आता तिचं तोंड मागे.
येणारे टेंपो आमच्याआधी तिला दिसतील.

जुनी जिन्याखाली ठेवली तर
वॉचमनची छबूबाई आली.
टाकताय का, ताई? आमच्या शिवांशला होईल.
स्कूटरवर कशी हो?
पुढं ठेवू. सुतळीनं बांधू.
मी तिला न दिसणाऱ्या चिरेचं सांगितलं.
तिने सीट फिरवून फिरवून पाहिली,
कुठंय चीर?
मलाही दाखवता येईना.

भाजीची कात्री पुरली नाही,
पत्रा कापायची आणली.
पट्टे कापले, बकल उपटलं.
छबूबाई बघत राहिली,
चांगली वस्तू नासवणाऱ्या बाईकडे बघावं तशी.
न्या आता, म्हटलं. गाडीवर सोडून कुठेही.

हल्ली ती पार्किंगमध्ये असते, पाण्याच्या पंपाशेजारी.
शिवांश तिच्यात बसून ताटली फिरवतो.
कुठे निघालास रे?
त्र्यंबकला.
कुठवर पोचलास?
सातपूर. लई ट्रॅफिक आहे.

सकाळी तो शाळेला जातो
आजोबांच्या स्कूटरवर, पुढे उभा,
दोन्ही हात आरशांच्या दांड्यांना.
मी मागोमाग निघते. हळू,
अंतर ठेवून.