खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या सांजेला
मामंजी वाटीत तूप-हळद घेऊन गोठ्यापर्यंत गेले
आणि थबकले.
बैलजोडी विकून सात वर्षं झाली.
मग ट्रॅक्टरच्या मागे वाकले,
जिथे पातं जोडतात त्या तीन जागी
बोटानं पुसत पुसत लावलं.
"उद्या याच्या खांद्यावर काही ठेवू नोको."
मी तिथे ग्रीस भरणारच होते.
डबा पायानं मागे सरकवला.

पोळा झाला. रात्रभर पाऊस.
पहाटे दारातले पळसाचे मेढे उचलून
पोरं ओरडत शिवेकडे गेली:
खासी-खोकला घेऊन जा गे मारबत,
ढेकूण-मोसे घेऊन जा गे मारबत.
चहा गाळता गाळता मी म्हटलं,
आणि फाट्यापासूनचे खड्डे, बाई?
मारबत तेवढं नेत नाही.

फाट्यापासून दारापर्यंत चारशे दहा पावलं.
वर मुरूम, मधे पाचगावच्या खाणीची गिट्टी,
खाली काळी माती, तोंड उघडं टाकून.
वर्षाला दोन ट्रॉल्या गिळते,
ढेकर देत नाही.

खड्ड्यात मुरूम ओतला की खड्डा झाकतो, बुजत नाही.
दुधाची गाडी एकदा गेली
की पुन्हा तसाच, पाण्यानं भरलेला, आभाळ दाखवत.
त्याच्या तळापर्यंत खरवडावं लागतं,
भोवतीचा धड रस्ताही मोडून घ्यावा लागतो.
हे कळायला मला तीन पावसाळे लागले
आणि एक पातं, वाकलेलं.

ओल आहे तोवरच.
टॉप लिंकचे दोन आटे सैल केले,
पातं तिरकं धरलं,
कडेला पळालेला मुरूम मधे ओढत आणला.
मान मागे वळवून वळवून दुखायला लागली.
रस्त्याला पाठ हवी,
फार नाही, झोपलेल्या म्हशीएवढी,
म्हणजे पाणी बसायला जागा शोधत नाही.

पण उतरून जायचं कुठे?
डावीकडच्या नालीत ताराचंद निखाऱ्यांनी
दोन जुने टायर आणि माती कोंबलेली.
"तुमचं पाणी माह्या तुरीत काऊन?"
हे मागच्या श्रावणात. त्यानंतर
ते रस्त्यावर दिसले की आभाळ पाहायचे.
मीही पाहायचे. ढगांची चांगली ओळख झाली.

टायर मी काढले नाहीत.
पात्याचं एक टोक खाली रोवलं
आणि त्यांच्या कोपऱ्याच्या अलीकडून वळवलं,
माझ्या बाजूनं, थेट ओढ्यापर्यंत.
माझ्याच पऱ्हाटीच्या दोन ओळी गेल्या,
बोंडं धरलेल्या.
मामंजी बांधावर बसून मोजत होते.
काही बोलले नाहीत, म्हणजे बरंच बोलले.

दुपारी तान्हा पोळा.
मिताली लाकडी बैल ओढत निघाली,
कागदी झूल, चाकं डुगडुगती,
घरून फाट्याकडे, ऐन मधोमध,
मी नुकत्याच घडवलेल्या त्या पाठीवरून.
दहा-बारा पावलं बैल सरळ चालला,
मग हलकेच कलला, उताराला लागला,
दोरी सुटली,
गडगडत थेट नालीत.
मिताली रडायची राहून माझ्याकडे पाहत राहिली.
मी हसत होते. हसायला नको होतं.
पण उतार जमला होता!

पलीकडून निखारे आले.
चपला काढल्या, नालीत उतरले,
बैल उचलून चिखल सदऱ्याला पुसला,
शिंगं बोटांनी सरळ केली.
दहाची नोट घडी करून शिंगात अडकवली.
"घे माय, तुह्या बैलाचा बोजारा."
मग नालीतच उभे राहिले,
पोटऱ्यांवरून गढूळ पाणी
ओढ्याकडे जाताना पाहत, बराच वेळ.

"टायर नेतो म्या उद्या," म्हणाले,
आभाळाकडे न पाहता.